करोनात त्वचेचे डॉक्टर कुणाला 'या' म्हणतात आणि कुणाला 'थांबा'?

जास्वंदी | ५ जुलै २०२०, रात्री १०:४०

आमच्या पुण्यातल्या घरात सध्या एकाच डॉक्टरांवरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझी आत्या, वय ६८, मधुमेह. तिच्या तळपायावर टाचेजवळ एक काळा डाग आहे. किती जुना ते तिलाच आठवत नाही, पण लॉकडाऊनमध्ये स्वतःचे पाय निरखायला फुरसत मिळाली आणि तो पसरलाय असं तिचं म्हणणं. मी फोटो काढून आमच्या नेहमीच्या त्वचेच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी लगेच बोलावलं, जागा बधिर करून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला.

माझी भाची, वय २६. कपाळावर आणि हनुवटीवर बारीक, चपट्या चामखिळी. मेमधलं लग्न डिसेंबरात गेलंय. तिला त्या जाळून हव्यात, जमलं तर सोबत एक पीलही (रसायन लावून वरची कातडी सोलणं). तिला त्याच डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. रात्री लावायला क्रीम दिलं आणि गणपतीनंतर बघू म्हणाले.

वर समोरच्या काकांच्या पाठीवरचं गळू मात्र त्याच आठवड्यात फोडून दिलं!

भाचीचा प्रश्न असा: करोनाचा धोका आत्याला जास्त, मला कमी. मग तिला दवाखान्यात बोलावतात आणि मला घरी बसवतात, हे उलटं नाही का? मलाही पटेल असं उत्तर सापडलं नाही. इथे कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी सांगावं की हे ठरतं कसं. काही नियम आहेत की ज्याचा त्याचा मूड?

----

घाटमाथा | ५ जुलै २०२०, रात्री ११:२५

मूड नाही हो, कातडी बचाव. चेहऱ्याजवळ जायचं नाही, एवढाच नियम. पायाला काय, लांबून हात लावता येतो. २८ जूनपासून सलून उघडली, न्हावी दिवसभर लोकांच्या तोंडाशी काम करतोय आणि शिकलेले डॉक्टर मात्र 'गणपतीनंतर बघू'.

----

बोरकूट | ६ जुलै २०२०, सकाळी ७:५०

घाटमाथा, आदेश नीट वाचा. सलूनला परवानगी आहे ती केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढ्यालाच. त्वचेशी संबंधित बाकी सेवांना अजून मनाई आहे. फेशियल बंद आहे. उगाच न्हाव्याला मध्ये आणू नका, त्या बिचाऱ्याचे तीन महिने कसे गेले त्याचं त्याला माहीत.

----

कातडीबचाऊ | ६ जुलै २०२०, दुपारी ३:१५

घाटमाथांनी माझा आयडी वाचून प्रतिसाद दिला की काय अशी शंका आली. 😀 मी त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूर जिल्ह्यात दवाखाना. जास्वंदीताई, तुमच्या आत्यांना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डागाबद्दल निदान म्हणून काही बोलणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगू शकतो, कारण मार्चपासून माझ्याही डोक्यात तेच चालू आहे.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं आम्ही दोन खोकी केलीत, एकात आजार आणि दुसऱ्यात सौंदर्य. एप्रिलमध्ये काही आठवडे तसं होतं, कारण हातात एन-९५ मोजके होते आणि बाहेर संचारबंदी. आता ते तसं चालत नाही. खरा प्रश्न आहे, थांबलं तर काय बिघडेल? आणि जे बिघडेल ते नंतर दुरुस्त होईल का?

तळपायावरचा वाढणारा काळा डाग म्हटला की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं मेलानोमा. हा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांत उन्हामुळे पाठीवर, पायांवर होतो. आपल्याकडे एकूण दुर्मीळ, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. तिथे उन्हाचा संबंध नसतो आणि कुणाचं लक्षही नसतं. त्यात बरंचसं भवितव्य जाडीवर ठरतं. रोग त्वचेत किती मिलिमीटर खोल उतरलाय, त्यावर. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा काढून टाकला की काम झालं. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की गोष्टच वेगळी.

आता गंमत बघा. अमेरिकेत एनसीसीएन म्हणून मोठ्या कर्करोग रुग्णालयांचा गट आहे, त्यांनी या साथीसाठी सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की मेलानोमा अगदी वरच्या थरात असेल, किंवा एक मिलिमीटरपर्यंतचा असून बायोप्सीतच, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यातच, बराचसा निघाला असेल, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया तीन महिन्यांपर्यंत लांबवली तरी चालेल. म्हणजे कर्करोगसुद्धा थांबू शकतो! पण तो थांबू शकतो का, हे कळणार कशावरून? जाडीवरून. आणि जाडी फोटोत दिसत नाही, ती सूक्ष्मदर्शकाखालीच मोजावी लागते. म्हणून तुकडा आधी काढायचा. आत्यांचं वय आणि मधुमेह डॉक्टरांनी विसरून नाही, लक्षात ठेवूनच बोलावलं असणार. बहुधा सकाळची पहिली वेळ, दवाखान्यात दुसरं कुणी नाही, एक नातेवाईक, असं काहीतरी. बरोबर?

गळवाचं सोपं आहे. पिकलेल्या गळवात पू साठला की गोळ्या आत पोचत नाहीत, पू बाहेर काढावाच लागतो. काका पालथे झोपलेले, तोंडाला मास्क, काम पाठीवर, खिडकी उघडी. दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. ते थांबवलं असतं तर ताप येऊन कदाचित रुग्णालयात भरती व्हायला लागलं असतं, आणि खाट कुठे मिळते आहे सध्या?

आता भाचीबाई. चेहऱ्यावर काम म्हणजे पेशंटचा मास्क निघणार. माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, तेही अर्धा तास, कारण चपट्या चामखिळी एक-दोन नसतात. कॉटरीने, म्हणजे विजेवरच्या तापल्या टोकाने, जाळताना धूर होतो. त्या धुरात चामखिळीच्या विषाणूचा डीएनए सापडतो हे जुनंच ज्ञान आहे, म्हणून धूर ओढणारं यंत्र आधीपासून वापरायची शिफारस आहे. करोनाचा विषाणू त्या धुरातून पसरतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण नाकातोंडाजवळ धूर करताना आत्ता हात आखडतो, हे कबूल. शिवाय सुन्न करायचं क्रीम लावून पाऊण-एक तास बसावं लागतं. कुठे बसणार? माझ्या वेटिंग रूममध्ये, इतर पेशंटांबरोबर.

आणि समजा जाळल्यावर किंवा पीलनंतर चेहऱ्यावर डाग उठला, जखम चिघळली, तर चौथ्या दिवशी मला तिला बघता आलं पाहिजे. उद्या परत लॉकडाऊन लागला, तिची इमारत सील झाली, किंवा मीच पॉझिटिव्ह निघालो, तर? जी गुंतागुंत एरवी एका भेटीत निपटते तिचा आत्ता कायमचा डाग होऊ शकतो. लग्नाच्या मुलीचा चेहरा आहे म्हणून तर मी जास्तच थांबलो असतो.

बाकी चपट्या चामखिळींवर रात्री लावायचं रेटिनॉइड क्रीम ही पळवाट नव्हे, ती खरी औषधयोजना आहे. हळू चालते इतकंच. आणि एक विनंती: तिला थ्रेडिंग करू देऊ नका. दोऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि चामखिळी त्या रेषेत ओळीने उगवतात. सरकारने नेमकी थ्रेडिंगलाच परवानगी दिली आहे, त्याला आम्ही काय करणार!

----

जास्वंदी | ६ जुलै २०२०, संध्याकाळी ६:०५

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. हो, सकाळी साडेआठची वेळ होती आणि मला जिन्यातच थांबवलं होतं. एसी बंद, दोन्ही खिडक्या उघड्या, आत्या म्हणाली घामाने भिजले पण सुई कळली नाही.

थ्रेडिंगचं वाचून भाचीचा चेहरा पडला. गेल्याच आठवड्यात करून आलीय.

----

घाटमाथा | ६ जुलै २०२०, रात्री ९:३०

प्रतिसाद आवडला, आयडीबद्दल माफी. पण पैशाचं कुणी बोलत नाही. माझ्या मेव्हण्याचा साधा मस काढला, बिलात पीपीई किटचे वेगळे, सॅनिटायझेशनचे वेगळे. मस काढायच्या फीपेक्षा ते जास्त. आधी करोनाची टेस्ट करून या म्हणाले असते तर आणखी २२०० गेले असते.

----

कातडीबचाऊ | ७ जुलै २०२०, दुपारी २:४०

तुमची तक्रार रास्त आहे. साधा मस मानेवर किंवा हातावर असेल तर पूर्ण किट लागतच नाही. एन-९५, चेहऱ्यावर शील्ड, हातमोजे, धुता येणारा गाऊन एवढं पुरतं. अंतराळवीर होऊन मस काढायचा आणि त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे हे मला तरी पटत नाही. दुसरी बाजूही ऐका. तासाला आठ पेशंट बघायचो तिथे आता दोन-तीन, मधला वेळ पुसण्यात. भाडं आणि कंपाउंडरचा पगार तेवढाच. पण मग तो खर्च तपासणी फीमध्ये उघडपणे वाढवावा, किटच्या नावावर का खपवायचा?

टेस्टचं म्हणाल तर आरटी-पीसीआर मार्चमध्ये ४५०० होती, आता २२०० झाली, तरी प्रत्येक मसासाठी सक्तीची करण्यात अर्थ नाही. संसर्ग झाल्यावर पहिले काही दिवस ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत माणूस बाजारात जाऊन आलेला असतो. निगेटिव्ह कागद बघून मी मास्क थोडाच काढणार आहे? ताप, खोकला, वास गेलाय का, घरात कुणी आजारी आहे का, हे आदल्या दिवशी फोनवर आणि दारात पुन्हा विचारतो. नाकातोंडाच्या आतलं काम किंवा लांबलचक शस्त्रक्रिया असेल तर टेस्ट मागतो.

आमच्या कामातही बारीकसारीक बदल झालेत. जिथे कॉटरी वापरायचो तिथे शक्य असेल तर कात्रीने कापतो किंवा पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) काढतो, धूर नाही. टाके विरघळणारे घालतो, म्हणजे काढायला यायला नको. सुन्न करायचं क्रीम घरूनच लावून यायला सांगतो. ड्रेसिंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर.

----

निवडुंग | ८ जुलै २०२०, रात्री ११:१०

मला गेली काही वर्षं सोरायसिस आहे. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन प्रकाश-उपचार (एनबी-यूव्हीबी) घ्यायचो. मार्चपासून बंद. कोपर आणि डोक्यात परत खवले आलेत. माझं म्हणणं, हे ना सौंदर्याचं ना जीवघेणं. आम्ही मधल्यामध्ये लटकलोय. कोडाच्या पेशंटांचंही तेच. आमच्या ग्रुपवर एका मुलीने लिहिलं होतं की बंद होत आलेले डाग पुन्हा पसरायला लागले आणि डॉक्टर म्हणतात 'जिवाला धोका नाही'. जिवाला नाही, पण रोज आरशात बघायचं कुणी?

आणि मी मेथोट्रेक्सेट घेतो, आठवड्याला एकदा. शेजारचे म्हणाले प्रतिकारशक्ती कमी करतं, बंद कर. करू का?

----

कातडीबचाऊ | ९ जुलै २०२०, दुपारी १:५५

स्वतःहून बंद करू नका. आधी हे. आजच डॉक्टरांना फोन करा, रक्ताच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्या करून घ्या. ताप आला किंवा करोनाचा संसर्ग झाला तर काही काळ थांबवायला सांगतील, ते वेगळं. पण नुसत्या भीतीने सोडलं आणि सोरायसिस अंगभर भडकला तर तुम्ही रुग्णालयात पोचाल, म्हणजे जिथे जायचं नाही नेमके तिथेच.

लटकलोय हे मात्र खरं म्हणालात आणि आमच्या धंद्याला ते लागण्यासारखं आहे. प्रकाश-उपचाराची अडचण उपचारात नाहीच, फेऱ्यांमध्ये आहे. आठवड्याला दोन-तीनदा प्रवास, एकाच पेटीत उघड्या अंगाने एकामागून एक माणसं. एकदा काढायची चामखीळ आणि महिनोन्‌महिने चालणारा उपचार यांचं गणित वेगळं. मी कोडाचे डाग पसरत असलेल्यांना आता पुन्हा बोलावतोय, चेहऱ्यावर मास्क ठेवून, दोघांच्या मध्ये वेळ सोडून. ज्यांना परवडतं त्यांना हातात धरायचं छोटं यंत्र घरी घ्यायला सांगितलंय, मात्रा मी फोनवर ठरवतो. तुमच्या कोपरांसाठी तेही चालेल. डोक्यासाठी औषधी शाम्पू आणि लोशन.

याहून अवघड पेशंट आहेत माझ्याकडे. पेम्फिगसचे, म्हणजे अंगावर आणि तोंडात फोड येऊन कातडी सोलून निघते तो आजार. त्याला रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन उत्तम, पण ते प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशी सहा-सहा महिने पुसून टाकतं. साथीच्या मधोमध ते द्यायचं? न द्यावं तर स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो, त्यानेही संसर्गाचा धोका वाढतोच. इथे कुठल्याही सूचनापत्रकात हो-नाहीचं उत्तर नाही. पेशंट आणि घरचे समोर बसवून ठरवतो. घरात किती माणसं, कोण कामाला बाहेर जातं, तालुक्यात व्हेंटिलेटर आहे का, हे सगळं त्यात येतं.

----

दुपारची_झोप | १० जुलै २०२०, पहाटे २:२०

उशिरा लिहितेय, ड्युटीवरून आले. मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात रेसिडेंट. वरची चर्चा वाचून वाटलं की आमच्याकडे यातलं काही 'ठरवायची' वेळच आली नाही. आम्हाला सगळ्यांना कोविड वॉर्डात लावलं. त्वचेची ओपीडी आठवड्यातून थोडा वेळ, तीही जो ड्युटीवर नाही तो चालवतो. मेमध्ये सरकारने खाजगी डॉक्टरांनाही पंधरा दिवसांच्या कोविड सेवेचा आदेश काढला, पंचावन्नच्या आतल्यांना. म्हणजे प्रोसिजर करायची की नाही यापेक्षा करायला हात कुणाचे, असा प्रश्न.

पेशंटही येत नाहीत. लोकल १५ जूनपासून सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांनाच. पालघर-डहाणूकडचा माणूस येणार कसा? कुष्ठरोगाच्या पेशंटांना गोळ्यांची पाकिटं एकदम जास्त महिन्यांची देऊन पाठवलं, पण जे नवीन असतील ते कुठे आहेत, काय माहीत. सुन्न चट्टा दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी कुणी प्रवासाचा ई-पास काढून येत नाही. मला याची काळजी सौंदर्यासाठी लेझर करून घेणाऱ्यांपेक्षा हजारपट आहे.

मागच्या आठवड्यात वॉर्डातल्याच एका कोविड पेशंटला औषधाची रिअ‍ॅक्शन आली. अंगभर लाल, ओठ सोलले, पाठीवर बोट फिरवलं तर कातडी सरकायला लागली. दोन थर हातमोजे, शील्डवर वाफ, घाम डोळ्यांत. त्यातून चार मिलिमीटरचा पंच फिरवायचा आणि टाका घालायचा. टाक्याची गाठ तीनदा सुटली. तिथे कुणी विचारलं नाही की करू का नको. असल्या वेळी लगेच संशयित औषध बंद करून निदान पक्कं करायचंच असतं.

----

बोरकूट | १० जुलै २०२०, रात्री ९:००

दुपारची_झोप, तुम्हाला दुपारचीच काय, कुठलीच झोप मिळत नसावी. सांभाळा.

अवांतर: पुण्यात आणि पिंपरीत १३ तारखेपासून परत लॉकडाऊन जाहीर. कातडीबचाऊंनी भाचीबद्दल लिहिलेलं चार दिवसांत खरं झालं.

----

शिंपला | ११ जुलै २०२०, रात्री १२:१५

इंग्लंडमधून. मी इथे नर्स आहे. आमच्याकडे त्वचेच्या कर्करोगातही उतरंड लावली. बेसल सेल कार्सिनोमा, जो फार हळू वाढतो आणि सहसा शरीरात पसरत नाही, तो सरळ काही महिने मागे. अपवाद डोळ्याजवळचा वगैरे. स्क्वेमस सेल, तोही भराभर वाढणारा, तो लवकर. मेलानोमा सर्वांत आधी. इथल्या म्हाताऱ्या गोऱ्या लोकांना बेसल सेल इतका सर्रास होतो की तो मागे टाकल्यावर अर्धी यादी रिकामी. आपल्याकडे ही सोय नाही, आपल्या कातडीला तो कमी होतो.

मला खटकलं ते वेगळंच. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, फोटोवरून ठरवतात. सत्तरीतल्या एकट्या माणसाने स्वतःच्या पाठीचा फोटो काढायचा कसा?

----

कातडीबचाऊ | ११ जुलै २०२०, दुपारी ४:३०

शिंपला, आपल्याकडे बेसल सेल कमी, पण जुन्या भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत होणारा स्क्वेमस सेल दिसतो. चुलीवर भाजलेल्या बायकांच्या पायावर मी तो पाहिलाय. तो मागे टाकता येत नाही, आणि नेमका त्याच लोकांकडे स्मार्टफोन नसतो.

२५ मार्चला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यामुळे फोनवर औषध लिहून द्यायला कायद्याचा आधार मिळाला. माझं निम्मं काम त्यावर चाललंय. नायटा, इसब, मास्कखालच्या पुटकुळ्या, सॅनिटायझरने फुटलेले हात, हे सगळं फोटोवर. पण काळा डाग फोटोवर 'काही नाही' म्हणून सोडायला मी तयार नाही. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवल्याशिवाय नाहीच.

----

जास्वंदी | २६ जुलै २०२०, रात्री ८:५०

अपडेट. लॉकडाऊनमुळे रिपोर्ट हातात यायला वेळ लागला. आत्याला मेलानोमा नाही! तीळच आहे, पण काही पेशी जरा वेड्यावाकड्या दिसताहेत, म्हणून थोडी कड ठेवून पूर्ण काढून टाकायचा. त्याला घाई नाही, दिवाळीच्या आसपास करू म्हणाले. घरात पेढे आणले.

----

घाटमाथा | २६ जुलै २०२०, रात्री १०:१०

आनंद आहे. पण आता मी सैतानाची वकिली करतो. काही नव्हतंच, म्हणजे ६८ वर्षांच्या मधुमेही बाईला जुलैच्या पुण्यात उगाचच बाहेर काढलं, नाही का?

----

कातडीबचाऊ | २७ जुलै २०२०, दुपारी २:०५

जास्वंदीताई, पेढे मिळाले असं समजतो.

घाटमाथा, निर्णय घेताना जे हातात असतं त्यावरच तो जोखायचा, नंतर आलेल्या कागदावर नाही. वाढणारा डाग, तळपाय, साठीच्या पुढचं वय. या तीन गोष्टींवर मी दहापैकी दहा वेळा तुकडा काढेन, आणि त्यातले बहुतेक रिपोर्ट असेच निर्धास्त येतील. त्यातला एक येणार नाही, त्याच्यासाठी बाकीचे. दुसऱ्या पारड्यात काय होतं ते बघा ना: मास्क लावून, सकाळी रिकाम्या दवाखान्यात, उघड्या खिडकीशी अर्धा तास. आत्या भाजी आणायला मंडईत गेल्या असत्या तर धोका जास्त होता. आणि मुख्य म्हणजे त्याच रिपोर्टमुळे पुढची शस्त्रक्रिया आता निवांत ढकलता आली.

----

निवडुंग | १९ मे २०२१, रात्री ९:४५

धागा वर काढतोय. एप्रिलमध्ये मला करोना होऊन गेला. मेथोट्रेक्सेट डॉक्टरांनी थांबवलं होतं, आता परत सुरू केलंय, सोरायसिस आटोक्यात. पण बायकोलाही झाला होता आणि आता तिचे केस मूठभर गळताहेत. इथल्या एका क्लिनिकने पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला एक भाग वेगळा करून डोक्यात टोचतात) सहा बैठकांचं पॅकेज सांगितलं, रक्कम लिहीत नाही, बसूनच वाचावी लागेल. घ्यावं का? आणि माझ्या मानेवरची गाठ काढायची होती, ती आता काढता येईल?

----

कातडीबचाऊ | २० मे २०२१, दुपारी ३:३५

पॅकेज घेऊ नका. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, डेंग्यूनंतर, टायफॉइडनंतर, बाळंतपणानंतरही. करोनात काहींचे लवकर सुरू होतात. मुळं शाबूत असतात, केस आपोआप परत येतात, फक्त काही महिने धीर धरावा लागतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. कमतरता असेल ती भरून काढा. जे थांबल्याने बरंच होणार आहे, त्यासाठी सहा वेळा सुया टोचून घ्यायला जायचं कशाला? गेल्या वर्षभरात 'थांबलं तर काय बिघडेल' याचं इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचित मिळालंय.

गाठीचं. मार्चमध्ये कोविडसर्ज गटाचा अभ्यास आला, ११६ देशांतले १,४०,२३१ पेशंट. करोना होऊन सात आठवडे उलटायच्या आत शस्त्रक्रिया केली तर तीस दिवसांतला मृत्युदर ४ टक्क्यांच्या आसपास, सात आठवड्यांनंतर १.५, म्हणजे करोना न झालेल्यांइतकाच. पण त्यात पोटाच्या, हाडांच्या सगळ्या शस्त्रक्रिया आल्या. तुमची गाठ जागा बधिर करून वीस मिनिटांत निघेल, तिला ते आकडे जसेच्या तसे लावू नका. तरीही दुखत नसेल, वाढत नसेल तर जूनअखेर करा. आत्ता ऑक्सिजनच्या रांगा आहेत, काही कमीजास्त झालं तर कुणाला तुमच्याकडे बघायला सवड नाही.

सगळंच बंद ठेवावं असं मात्र कुणी समजू नये. टाटा रुग्णालयाने गेल्या वर्षी लॉकडाऊनच्या सुरुवातीच्या पाच-सहा आठवड्यांत कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. सहा जण पॉझिटिव्ह निघाले, मृत्यू एकही नाही. नीट निवड केली तर होतं.

आणि हे सगळ्यांसाठी, विशेषतः ज्यांना करोनात स्टेरॉइड दिलंय आणि साखर वाढलेली आहे त्यांच्यासाठी: नाकाच्या बाजूला किंवा टाळूवर काळी खपली, एका बाजूचा गाल सुजणं, डोळा सुजणं, दात हलणं. यातलं काहीही दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका, फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका. कान-नाक-घसा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा, त्याच दिवशी. ही म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, लक्षणं असू शकतात आणि त्यात तास मोजले जातात.

----

शिंपला | २१ मे २०२१, रात्री १:००

एक भर. लसीनंतर ओठात-गालात भरलेल्या फिलरच्या (उठाव आणायला टोचतात ते जेल) जागी सूज येते अशी चर्चा इथे जोरात आहे. मॉडर्नाच्या चाचणीत अशा मोजक्याच केसेस होत्या आणि त्या उपचाराने बऱ्या झाल्या. फिलर आहे म्हणून लस टाळू नका.

----

कातडीबचाऊ | २१ मे २०२१, दुपारी २:१५

+१. आपल्याकडे मॉडर्ना अजून नाहीच. ज्यांना फिलर करायचाय त्यांना मी लसीच्या आधी-नंतर दोन-तीन आठवडे सोडून या सांगतो, ते सुद्धा सूज आलीच तर कशाने आली हा घोळ नको म्हणून.

----

जास्वंदी | २२ मे २०२१, संध्याकाळी ७:३०

इतक्या दिवसांनी धागा वर आलेला बघून बरं वाटलं. आत्याचा तीळ नोव्हेंबरात पूर्ण निघाला. दोन्ही लशी झाल्यात. भाचीच्या हनुवटीवरच्या चामखिळी क्रीमनेच गेल्या, कपाळावरच्या चार-पाच उरल्या होत्या त्या डॉक्टरांनी ऑक्टोबरात काढल्या. लग्न डिसेंबरात पन्नास माणसांत झालं. फोटोत सगळ्यांच्या तोंडाला मास्क.

----

घाटमाथा | २२ मे २०२१, रात्री ८:०५

म्हणजे हनुवटीचा खर्च वाचला म्हणा की.

डॉक्टर, माझ्या अंगठ्याच्या नखाखाली एक काळी उभी रेघ आहे. बरीच वर्षं आहे, तेवढीच आहे. फोटो पाठवू का?

----

कातडीबचाऊ | २२ मे २०२१, रात्री ८:४०

व्यनि (खाजगी निरोप) करा. दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, शेजारी मोजपट्टी ठेवून. काळेपणा नखाच्या बाहेर कातडीवर उतरलाय का, ते आधी बघा. उतरला असेल तर फोटो राहू दे, जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा.